वर्गात बसून नगरदर्शन : पाँपेई शहराचा एक पाठ

इतिहासाचा तास हा आपल्या प्राथमिक शाळांत बहुधा वाचनाचा तास असतो. एका विद्यार्थ्याने उताऱ्याचे प्रकट वाचन करावे, शिक्षकांनी दोन-चार कठीण शब्दांचे अर्थ सांगावे आणि पाठाखालील प्रश्नांची उत्तरे वहीत उतरवून घ्यावी, असा परिपाठ पडून गेला आहे. यात सर्वस्वी दोष शिक्षकांचा आहे असे मी म्हणणार नाही. जे नगर आपण स्वतः कधी पाहिले नाही, ज्याचे पुस्तकातील चित्र तळहाताएवढे व काळपट छापलेले असते, ते मुलांच्या डोळ्यांपुढे उभे करावे तरी कसे? अलीकडे या अडचणीवर एक साधन हाती आले आहे. शाळेत एक मोबाइल व जमल्यास एखादा प्रोजेक्टर असला, म्हणजे वर्गात बसूनच जगातील प्राचीन नगरांच्या रस्त्यांवरून फिरता येते. या साधनाचा उपयोग कसा करावा आणि कसा करू नये, याविषयी स्वतःच्या वर्गातील अनुभव शिक्षकबंधुभगिनींपुढे ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

घरबसल्या दूरचे शहर पाहण्याची हौस मात्र नवी नाही. रॉबर्ट बार्कर नावाच्या चित्रकाराने १७८७ साली वर्तुळाकार चित्राचे एकस्व मिळविले आणि १७९३ साली लंडनमध्ये त्यासाठी एक गोल इमारत बांधली. प्रेक्षकाने मधोमध उभे राहावे व भोवताली गरागरा वळून अखंड चित्र पाहावे, अशी ती योजना होती. पुढे दोन डोळ्यांना दोन किंचित वेगळी छायाचित्रे दाखवून खोलीचा भास उत्पन्न करणारी दुर्बिणीसारखी उपकरणे घरोघर आली. आपल्याकडे जत्रेतील बायस्कोपाच्या पेटीला डोळा लावून ज्यांनी दिल्ली-आग्रा पाहिले, त्यांना हे सांगावयास नको. आजचे साधन त्याच कुळातील आहे. अनेक भिंगे असलेला कॅमेरा एका जागी उभा करून सर्व दिशांची छायाचित्रे एकाच वेळी टिपतात व संगणक ती एकमेकांना शिवून एक पोकळ गोल तयार करतो. आपण त्या गोलाच्या आत उभे राहून वर, खाली, मागे, पुढे पाहतो. थोड्या अंतरावर दुसरा गोल, त्यापुढे तिसरा. बोटाने बाण दाबला की एका गोलातून आपण दुसऱ्यात जातो आणि आपण चाललो असे वाटते. जेथे कॅमेरा उभा राहिला नाही, तेथे आपल्यालाही जाता येत नाही. ही गोष्ट मुलांना पहिल्या दिवशीच सांगून टाकावी. बंद दारापुढे ती अडतात व 'आत का जाता येत नाही?' असे विचारतात. त्याचे उत्तर आधीच दिलेले बरे.

माझा पहिला प्रयोग फसला, तो प्रथम सांगतो. इयत्ता सातवीच्या वर्गापुढे चाळीस मिनिटांत मी सहा नगरे फिरवून आणली. रोम, अथेन्स, इजिप्तचे पिरॅमिड, पेत्रा, हंपी आणि शेवटी पाँपेई. मुले आनंदाने ओरडत होती, मीही प्रसन्न होतो. दुसऱ्या दिवशी विचारले, तेव्हा एकाला उंट आठवत होता, दुसरीला निळे आकाश आणि बाकीच्यांना एवढेच की नेट दोनदा गेले. जत्रा पाहून आल्यावर पायाला धूळ लागते, येथे तेवढीही लागली नाही. मात्र मागच्या बाकावरील एका मुलाने एक प्रश्न विचारला. पाँपेईचे रस्ते, घरे, दुकाने सर्व आहे, मग गुरुजी, तिथली माणसं कुठं गेली? मी त्या वेळी 'ज्वालामुखीत मेली' असे दोन शब्दांत उत्तर दिले व घंटा झाली. त्या उत्तराची मला पुढे लाज वाटली. दुसरा प्रयोग मी त्या प्रश्नाभोवतीच रचला. सहा नगरांऐवजी एकच नगर घेतले, त्यातील एकच रस्ता घेतला आणि चाळीस मिनिटांऐवजी चार तासिका दिल्या.

पाँपेईच का, असे कोणी विचारील. बहुतेक प्राचीन नगरे हळूहळू ओस पडतात. लोक जाताना चीजवस्तू नेतात, मागून येणारे दगड-विटा नेतात व शेवटी पाये तेवढे उरतात. पाँपेईचे तसे झाले नाही. इटलीच्या दक्षिण भागात, नेपल्सजवळ, व्हेसुव्हिअस या ज्वालामुखी पर्वतापासून सुमारे दहा किलोमीटरवर हे व्यापारी गाव वसले होते. लोकसंख्या दहा-बारा हजारांच्या आसपास असावी असा अंदाज आहे. म्हणजे आपल्याकडील एखाद्या मोठ्या बाजाराच्या गावाएवढे. इसवी सन ६२ मध्ये तेथे मोठा भूकंप झाला. पडलेली घरे लोक पुन्हा बांधीत होते, काही ठिकाणी काम चालूच होते, तोच इ. स. ७९ मध्ये पर्वत फुटला. पहिल्या दिवशी दुपारपासून हलक्या सच्छिद्र दगडांचा पाऊस पडत राहिला, त्याच्या भाराने छपरे कोसळली. दुसऱ्या दिवशी सकाळी तप्त वायू व राख यांचे लोट डोंगरावरून गावात शिरले. जे तोपर्यंत बाहेर पडले नव्हते, ते वाचले नाहीत. चार ते सहा मीटर जाडीच्या थराखाली सगळे गाव झाकले गेले, आणि भट्टीतील पाव भट्टीत, तेलाचे रांजण दुकानात, भिंतीवरील लिखाण भिंतीवर, असे जेथल्या तेथे राहिले. १७४८ मध्ये खोदकामास प्रारंभ झाला व १७६३ मध्ये सापडलेल्या एका शिलालेखावरून हेच पाँपेई अशी ओळख पटली. तटाच्या आतील क्षेत्र सुमारे ६६ हेक्टर आहे. त्यातील जवळजवळ एक-तृतीयांश भाग आजही मातीखाली आहे. १९९७ साली युनेस्कोने या स्थळाचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश केला.

या घटनेचा एक प्रत्यक्षदर्शी आपल्याला लाभला आहे. धाकटा प्लिनी तेव्हा सतरा वर्षांचा होता व खाडीपलीकडे मिसेनम येथे राहत होता. त्याचा मामा थोरला प्लिनी हा तेथील आरमाराचा प्रमुख. तो जहाजे घेऊन लोकांना सोडविण्यास गेला आणि परत आला नाही. पुष्कळ वर्षांनी टॅसिटस या इतिहासकाराने विचारल्यावरून धाकट्या प्लिनीने दोन पत्रांत ही हकीकत लिहिली. मुलांना हा प्रसंग सांगून मगच पडदा उघडावा. आधी माणूस आणि मग दगड, हा क्रम मला उपयोगी पडला.

पूर्वतयारीसाठी दोन गोष्टी कराव्या. पहिली, शिक्षकांनी संपूर्ण मार्ग स्वतः दोनदा फिरून पाहावा. हे कंटाळवाणे वाटले तरी टाळू नये, कारण प्राचीन नगरांत मुलांना दाखवू नयेत अशी चित्रे व शिल्पेही असतात, पाँपेईत तर पुष्कळच आहेत, आणि भर वर्गात एकदम तसे काही उघडले म्हणजे शिक्षकांची फार पंचाईत होते. दुसरी, हवी ती आठ-दहा दृश्ये आदल्या दिवशी टिपून मोबाइलमध्ये साठवून ठेवावी. आमच्या गावी दुपारी नेट मिळते, सकाळी मिळत नाही, आणि इतिहासाची तासिका सकाळी असते. साठवलेली चित्रे असली की तास वाया जात नाही. प्रोजेक्टर नसल्यास पाच-पाच मुलांच्या गटाने मोबाइल पाहावा व बाकीच्यांनी तोवर अंगणात काम करावे. अंगणातील काम म्हणजे नकाशा. जुझेप्पे फिओरेल्ली हे १८६३ पासून तेथील उत्खननाचे प्रमुख होते. त्यांनी सगळ्या गावाचे नऊ विभाग पाडले, विभागांत घरांच्या चौकटी पाडल्या आणि प्रत्येक दाराला क्रमांक दिला. आजही पाँपेईतील घराचा पत्ता त्याच तीन अंकांनी सांगतात. आम्ही आपल्या गावाचा नकाशा चुन्याने अंगणात आखून त्याच पद्धतीने वेस, मारुतीचे देऊळ, पिठाची गिरणी व शाळा यांना क्रमांक दिले. मुलांना पत्ता म्हणजे काय हे कळले आणि तासाभराने पडद्यावरील अनोळखी रस्त्यावर ती हरवली नाहीत.

गूगलच्या रस्तादर्शनात पाँपेईचा समावेश २००९ साली झाला. नकाशात पाँपेई शोधून रस्त्यावरून फिरण्याची खूण निवडली की आपण त्या दगडी रस्त्यावर उभे राहतो. आम्ही जो रस्ता घेतला, त्याला 'समृद्धीचा रस्ता' अशा अर्थाचे इटालियन नाव आहे. हे नाव जुन्या लोकांनी दिलेले नव्हे, पुढे खोदणाऱ्यांनी दिले. तेथील एका पाणवठ्याच्या दगडावर कोरलेला मुखवटा त्यांना समृद्धिदेवतेचा वाटला, आणि तो ऐक्याच्या देवतेचा असावा असे नंतर ठरले. नाव मात्र चुकीचेच चिकटले. मुलांना हा तपशील फार आवडतो.

रस्त्यावर उतरल्याबरोबर मी मुलांना एकच आज्ञा केली की खाली पाहा. दोन्ही बाजूंना उंच पदपथ, मध्ये खोलगट रस्ता, आणि रस्त्याच्या आडवे तीन-चार मोठे दगड ठेवलेले. हे दगड कशासाठी, हे सांगावयाचे नाही, विचारावयाचे. एका मुलीने ओढ्यातील पायदगडांची आठवण काढली व उत्तर तेथेच मिळाले. रस्त्यावरून पाणी व घाण वाहत असे. पाय न भिजता पलीकडे जाण्यासाठी ते दगड. मग गाडी कशी जाईल? चाके दगडांच्या मधील फटींतून जातील. आणि खरोखरच त्या फटींच्या रेषेत फरशीवर चाकोऱ्या पडलेल्या स्पष्ट दिसतात. चाकोरी हा शब्द मुलांनी म्हणीसारखा ऐकलेला असतो, त्याचा मूळ अर्थ दोन हजार वर्षांपूर्वीच्या दगडात त्यांनी त्या दिवशी पाहिला. त्याच संध्याकाळी दोन मुले बैलगाडीच्या दोन चाकांमधील अंतर दोरीने मोजून आली. मी सांगितले नव्हते.

पुढे पाणवठा येतो. अशा सुमारे चाळीस सार्वजनिक टाक्या गावात होत्या. उंच भागातील वाटपगृहातून शिशाच्या नळांनी पाणी येई. टाकीच्या काठाचा दगड एका बाजूस झिजून खोलगट झालेला आहे, कारण पाणी घेताना वर्षानुवर्षे लोकांनी तेथेच हात टेकला. आमच्या जुन्या विहिरीच्या काठावर दोराने पडलेल्या खाचा मुलांनी पाहिलेल्या होत्या. 'तिथं हात, इथं दोर' असे एकाने म्हटले, त्यावर मला भर घालावयाचे काही उरले नाही.

भट्टीखान्यापाशी थोडे अधिक थांबावे. गावात तीसहून अधिक भट्टीखाने होते. काळ्या लाव्हा दगडाची, मुलाच्या उंचीएवढी जाती तेथे उभी आहेत. वरचा दगड डमरूच्या आकाराचा असून त्याच्या भोकांत दांडा घालून गाढवे किंवा माणसे ते फिरवीत. एका भट्टीत ८१ पाव कोळसा होऊन तसेच राहिलेले सापडले. पावांवर खाचा पाडून भाग केलेले असत, भाकरीचे चतकोर करावे तसे. येथपर्यंत मुले खूश होती. मग मी त्यांना २०२३ च्या डिसेंबरात जाहीर झालेला एक शोध सांगितला. नव्या खोदकामात असा एक भट्टीखाना मिळाला की जेथून रस्त्याकडे दारच नाही. उजेडासाठी उंचावर लहान झरोके, त्यांना लोखंडी गज. दळणारी गुलाम माणसे व गाढवे आतच कोंडलेली असत. जात्याभोवती जनावरांचे पाय ठरावीक जागी पडावे म्हणून फरशीत खाचा केलेल्या होत्या. वर्ग शांत झाला. रोमन संस्कृतीचे रस्ते, स्नानगृहे व नाट्यगृहे यांची वर्णने पाठ्यपुस्तकांत असतात व ती असावीत. परंतु त्या वैभवाचे पीठ कोणी दळले, हे त्या झरोक्याच्या चित्राने जसे सांगितले तसे मला भाषणाने सांगता आले नसते.

घरांपैकी एकच घर दाखवावे. ल्युसिअस कीकीलिअस युकुंदुस नावाच्या सावकाराचे घर मी निवडले, कारण त्याच्या घरात १८७५ साली मेण लावलेल्या लाकडी पाट्यांचा, म्हणजे देण्याघेण्याच्या पावत्यांचा, मोठा साठा सापडला. दारातून आत गेले की मध्ये चौक, चौकावर छपराला मोकळी जागा, खाली पावसाचे पाणी साठविण्याचे उथळ कुंड, भोवती खोल्या. ज्याने आपल्याकडील चौसोपी वाडा पाहिला आहे त्याला हे घर परके वाटत नाही. येथे मी मुलांपुढे दोन चित्रे शेजारीशेजारी ठेवली. एक आजचे छायाचित्र, ज्यात उघड्या भिंती, उडालेला रंग व वर आकाश आहे. दुसरे स्वीडनमधील लुंड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेले त्रिमिती पुनर्निर्माण. भिंतींची लेसर किरणांनी मोजणी करून त्यांनी ते संगणकावर उभारले आहे. त्यात छत आहे, रंग आहे, पडदे आहेत. मुलांना अर्थातच दुसरे चित्र अधिक आवडले. येथेच शिक्षकांची खरी गरज आहे. या चित्रात सापडलेले किती आणि कल्पिलेले किती? आम्ही फळ्यावर तीन रकाने केले: 'मिळाले', 'दिसते', 'वाटते'. भिंत व फरशी पहिल्या रकान्यात गेली. छपराच्या उंचीवरून वाद झाला व ती तिसऱ्यात गेली. पडदे तिसऱ्यात. संशोधकांनी पुराव्यावरून तर्क केलेला असतो, तो मनचा नसतो, हेही सांगितले पाहिजे, नाहीतर मुले सगळेच खोटे समजतात. परंतु सुबक चित्र हे पुरावा नव्हे, ही जाणीव या वयात एकदा झाली तर पुढे मोबाइलवर येणाऱ्या शंभर चित्रांपैकी निदान दहांना तरी ती मुले हा प्रश्न विचारतील.

छायाचित्रालाही दिनांक असतो. रस्तादर्शनाच्या चित्रावर ते कोणत्या महिन्यात व साली टिपले हे लिहिलेले असते, ते मुलांकडून वाचून घ्यावे. २०१० च्या नोव्हेंबरात पावसाने पाँपेईतील 'मल्लांची शाळा' म्हणून ओळखली जाणारी इमारत कोसळली. त्यापूर्वीचे चित्र व नंतरचे चित्र एक असणार नाही. शतकानुशतके राखेखाली टिकलेले घर उघड्यावर आल्यावर शंभर वर्षांच्या आत पडते, याचा विचार मुलांनी आपापल्या परीने केला. एकाने तर 'मग खणलेच कशाला?' असे विचारून मला अडचणीत आणले.

'मिळाले' व 'वाटते' यांतील भेद किती नाजूक असतो याची दोन उदाहरणे पाँपेईतच आहेत. उद्रेकाची तारीख २४ ऑगस्ट अशी पुस्तकांत वर्षानुवर्षे छापली गेली, कारण प्लिनीच्या पत्रांच्या हस्तलिखित नकलांत तशी नोंद आहे. २०१८ साली एका घराच्या भिंतीवर कोळशाने लिहिलेली ओळ सापडली, तिच्यात १७ ऑक्टोबर ही तारीख आहे. डाळिंबासारखी शरद ऋतूतील फळे व शेगड्या यांचे अवशेष मिळाल्याने पूर्वीपासूनच शंका होती. मात्र त्या ओळीत वर्ष लिहिलेले नाही, म्हणून वाद पूर्णपणे मिटलेला नाही. माझ्या विद्यार्थ्यांना छापील पुस्तकातील तारीखही तपासली जाते हे ऐकून नवल वाटले.

दुसरे उदाहरण माणसांचे आहे, आणि त्याबरोबर मी मागच्या बाकावरील त्या मुलाच्या प्रश्नाकडे येतो. राखेत गाडल्या गेलेल्या देहांचा कालांतराने क्षय झाला, पण भोवतालची राख घट्ट झाली होती, त्यामुळे देहाच्या आकाराची पोकळी शिल्लक राहिली. फिओरेल्ली यांनी १८६३ साली त्या पोकळ्यांत पातळ प्लास्टर ओतून ते घट्ट झाल्यावर बाहेरची राख काढली. माणसे जशी पडली होती तशी समोर आली. कोणी तोंडावर हात धरलेला, कोणी कुशीवर वळलेला. असे ठसे शंभराच्या आसपास आहेत. ते मुलांना दाखवावे की नाही?

आमचा धाराशिव जिल्हा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, त्यात लातूर व आमच्या जिल्ह्यातील हजारो माणसे जड दगडी भिंती व माळवदाखाली सापडून गेली. माझ्या वर्गातील मुलांचे तेव्हा आईबाप लहान होते, आजी-आजोबा हाताशी आलेले. एका विद्यार्थिनीच्या घरातील तिघे त्या पहाटे गेले, हे मला ठाऊक होते. मी ठसे दाखविण्याचा विचार सोडून दिला होता. आदल्या दिवशी तिच्या आजीला भेटून मी हे सांगितले. आजी म्हणाली, 'दाखवा गुरुजी. पण ते कोण होते ते आधी सांगा. नुसतं मढं म्हणून दाखवू नका.' माझ्या सर्व प्रशिक्षणांत मला इतकी नेमकी सूचना कोणी केलेली नाही. मी एकच ठसा दाखविला, मोठा करून नव्हे, आणि कोणाला पाहावयाचे नसेल त्याने अंगणातील नकाशावर काम करावे अशी मोकळीक दिली. दोघे बाहेर गेले. ती मुलगी आत बसून राहिली.

पण 'ते कोण होते' हे सांगणेही सोपे नाही. एका घरात १९७४ साली चार जणांचा गट सापडला. हातात सोन्याचे जड कडे घातलेली एक मोठी व्यक्ती व तिच्या अंगावर लहान मूल. आई आणि लेकरू, असे पन्नास वर्षे सर्वत्र सांगितले गेले. २०२४ च्या नोव्हेंबरात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ठशांतील हाडांच्या जनुकीय तपासणीवरून असे दिसले की ती व्यक्ती पुरुष होती आणि त्या मुलाशी तिचे रक्ताचे नाते नव्हते. कडे म्हणजे बाई आणि कडेवर मूल म्हणजे आई, हे आपण गृहीत धरले होते. 'आई' हा शब्द एका मुलाने स्वतः उठून 'मिळाले'च्या रकान्यातून पुसला व 'वाटते'च्या रकान्यात लिहिला. मग ती मुलगी म्हणाली, नातं नसलं तरी त्यानं पोराला धरलंच होतं ना. ते वाक्य कोणत्या रकान्यात लिहावे, यावर वर्गाचे एकमत झाले नाही.

तिसऱ्या तासिकेला थोडा विसावा दिला. युलिया फेलिक्स हिच्या मोठ्या घरात बाजारचौकातील व्यवहाराची भित्तिचित्रे मिळाली. त्यांतील एकात शाळेचे दृश्य आहे व एका विद्यार्थ्याला दुसऱ्याच्या पाठीवर धरून छड्या मारीत आहेत. हे चित्र आता नेपल्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात आहे. आपल्याकडे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शारीरिक शिक्षेस मनाई आहे, हे मुलांनीच मला आठवण करून दिले, आणि तेही जरा जास्तच मोठ्याने. रस्त्यावरच्या खाणावळीचीही चित्रे पाहिली. २०२० साली पूर्णपणे उघडी झालेल्या अशा एका दुकानाच्या ओट्यात रांजण बसविलेले असून दर्शनी भागावर बदके व साखळीने बांधलेला कुत्रा रंगविलेला आहे. रांजणांत बदक, डुक्कर, शेळी, मासे व गोगलगाई यांचे अवशेष मिळाले. गोगलगाईवरून वर्गात बराच वेळ गेला.

चौथी तासिका एका मूर्तीसाठी राखून ठेवावी, आणि आपल्या भागातील शिक्षकांनी तर ती मुळीच वगळू नये. १९३८ साली आमेदेओ मायुरी यांना त्याच समृद्धीच्या रस्त्यावरील एका घरात हस्तिदंताची सुमारे २४ सेंटिमीटर उंचीची स्त्रीमूर्ती मिळाली. बांगड्यांनी भरलेले हात, कमरेला मेखला, दोन्ही बाजूंस लहान परिचारिका. मूर्ती निःसंशय भारतीय आहे. तिला 'पाँपेईची लक्ष्मी' म्हणतात, पण लक्ष्मीची लक्षणे तिच्यात नाहीत. ती यक्षी असावी, आणि मस्तकात छिद्र असल्यामुळे आरशाची मूठ किंवा एखाद्या पेटी-चौरंगाचा पाय म्हणून ती घडविली असावी, असे अभ्यासकांस वाटते. अंगावर वस्त्र थोडे, तेव्हा मुले हसतात. हसू द्यावे, मिनिटभराने थांबतात. अगदी अशाच धर्तीच्या हस्तिदंती मूर्ती जालना जिल्ह्यातील भोकरदन येथे व आमच्या जिल्ह्यातील तेर येथे सापडल्या आहेत. पाँपेईच्या मूर्तीवर वायव्य भारतातील खरोष्ठी लिपीचे अक्षर आहे, म्हणून ती नेमकी कोठे घडली याबद्दल मतभेद आहेत. हे सांगून 'आपल्याच गावची' असे म्हणण्याचा मोह आवरावा. मला तो आवरला नव्हता, मुलांनीच 'वाटते, वाटते' असे ओरडून मला सुधारले.

परंतु 'मिळाले'च्या रकान्यात घालण्याजोगे पुष्कळ आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने समुद्रमार्गांची माहिती देणारे पुस्तक लिहिले, त्यात पैठणचा व तगर नगराचा उल्लेख आहे. तगर म्हणजे आजचे तेर. तेथून पुष्कळ जाडेभरडे व तलम कापड गाड्यांत भरून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून, भडोचच्या बंदराकडे जात असे, असे तो लिहितो. गाड्या म्हटल्याबरोबर चाके मोजणाऱ्या त्या दोन मुलांनी एकमेकांकडे पाहिले.

नंतरच्या शनिवारी आम्ही एस. टी. ने तेरला गेलो. मुलांना तेर ठाऊक होते ते संत गोरा कुंभारांमुळे. कित्येकांनी समाधीचे दर्शन घेतलेले, पण रामलिंगप्पा लामतुरे शासकीय वस्तुसंग्रहालयाची पायरी एकानेही चढलेली नव्हती. खरे सांगावयाचे तर मीही पूर्वी एकदाच, घाईत. आत भाजलेल्या मातीच्या लहान मूर्ती, मणी, हस्तिदंती वस्तू पाहून झाल्यावर जुन्या विटांचे त्रिविक्रमाचे मंदिर पाहिले आणि गावाबाहेरच्या पांढरीच्या टेकाडावर गेलो. पावसाने कापलेल्या कडेत खापऱ्यांचे थर दिसत होते. कोणी काही उचलावयाचे नाही, असे मी बजावले होते. मुले वाकून नुसती पाहत होती. वहीत तीन रकाने आखलेले होते. मागच्या बाकावरच्या त्या मुलाने जवळच काम करणाऱ्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला विचारले, 'बाबा, इथला रस्ता कुठून जायचा?' त्यांनी कमरेवर हात ठेवून थोडा वेळ विचार केला, आणि समोरच्या तुरीच्या पिकाकडे बोट दाखविले.